जुन्या मोटारीची डुगडुगणारी सीट: दोष बोल्टात कमी, पत्र्यात जास्त

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर हे तापीकाठचे जुने शहर. इच्छापूर ओलांडले की महाराष्ट्राची हद्द लागते, आणि रावेर, मुक्ताईनगर, जळगाव या बाजूंशी शहराचे सोयरसंबंध व व्यापार पूर्वापार चालत आलेले आहेत. इंदूरहून खंडवा आणि असीरगडचा पायथा करीत दक्षिणेकडे उतरणारा रस्ता अवजड वाहतुकीचा आहे. कापूस, कापड आणि केळी यांची ने-आण याच वाटेने होते. या वाटेवर नव्या गाड्यांच्या बरोबरीने पंधरा-वीस वर्षांच्या मारुती ८०० आणि ओम्नीही धावतात. लग्नकार्य असो, शेतावरची फेरी असो की जळगावच्या दवाखान्याची धावपळ असो, अनेक कुटुंबांचा भरवसा अजून याच गाड्यांवर असतो.

अशा गाड्यांत एक दुखणे वारंवार आढळते. ब्रेक दाबला की चालकाची सीट किंचित पुढे सरकते, चढावर ती मागे रेलते आणि वळणावर तळातून ‘टक्’ असा आवाज येतो. इंजिन बिघडले की गाडी थांबते, म्हणून त्याची दखल तत्काळ घेतली जाते. सीट डुगडुगली तरी गाडी चालत राहते, म्हणून ती तशीच वापरली जाते. फार झाले तर बोल्ट आवळला जातो, किंवा सीटखाली रबराचा तुकडा अथवा लाकडाची पाचर सरकवली जाते. आवाज बंद होतो आणि प्रश्न सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सीट जिथे जखडलेली असते तो पत्रा फाटत असतो, आणि आवाज बंद झाल्यामुळे तो फाटतो आहे ही खूणही नाहीशी होते.

सीट कशावर उभी असते?

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची सीट चार ठिकाणी जखडलेली असते; दोन बोल्ट पुढे आणि दोन मागे. सीटच्या सांगाड्याखाली दोन रेल असतात, सीट त्यांवरून मागेपुढे सरकते आणि दातेरी खिटीने हव्या त्या जागी अडकते. रेलचे पाय बोल्टने तळाच्या पत्र्याला बसवलेले असतात. ज्या नटात हे बोल्ट जातात तो सुटा नसतो. तो पत्र्याच्या खालच्या अंगाला किंवा तळाला आडव्या जोडलेल्या पोकळ पट्टीच्या आत कारखान्यातच वेल्ड केलेला असतो. ही आडवी पट्टीसुद्धा दाबून घडवलेल्या पत्र्याचीच असते आणि ठिकठिकाणच्या ठिपक्यांसारख्या वेल्डने तळाला चिकटवलेली असते.

जीप किंवा सुमोसारख्या वाहनांना स्वतंत्र, जाड चेसिस असते. मारुती ८००, अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना ती नाही. त्यांत तळ, बाजूचे उंबरठे आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. तळाच्या पत्र्याची जाडी साधारणतः पाऊण ते एक मिलिमीटर असते. म्हणजे माणसासकट सीटचा सारा भार शेवटी या पातळ पत्र्यावर आणि त्याखालच्या पट्टीवर येतो. हा पत्रा शाबूत असेल तरच वरचा बोल्ट कामाचा.

धडकेच्या क्षणाचे गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट बल येते. १५ किलोची रिकामी सीटसुद्धा त्या क्षणी दोनशे किलोंहून अधिक ओढीने पुढे झेपावते. मागच्या बाकावरचा माणूस बेल्टविना बसलेला असेल, तर त्याचा धक्काही याच सीटच्या पाठीवर येतो.

मागून दुसऱ्या वाहनाने ठोकर दिली तर चित्र उलटे होते. बसलेल्या माणसाचे धड सीटच्या पाठीवर आदळते आणि सीट मागे उलथू पाहते. त्या वेळी पुढचे दोन बोल्ट वर उपटले जातात. ढोबळ हिशेब असा: धड आणि सीटची पाठ मिळून ५० किलो, वजनाच्या दहापट धक्का, आणि तळापासूनची त्याची उंची साधारणतः पुढच्या-मागच्या बोल्टांमधील अंतराइतकीच. म्हणजे पुढच्या दोन बोल्टांवर मिळून सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोंची उपट येते. धडधाकट पत्रा ती सोसतो. गंजलेला किंवा तडकलेला पत्रा बोल्टासकट फाटून वर येतो.

म्हणूनच सीटच्या जखडणीकडे सुरक्षेचा भाग म्हणून पाहिले जाते. अमेरिकेत १९६८ पासून प्रवासी मोटारींना लागू असलेल्या २०७ क्रमांकाच्या मानकानुसार सीटच्या जखडणीने सीटच्या वजनाच्या २० पट भार पुढच्या आणि मागच्या दिशेने सहन करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या वाहन नियमातही हाच २० पटींचा दंडक आहे. भारतात पुढच्या दोन सीटांसाठी बेल्ट बसवणे उत्पादकांना १९९४ पासून बंधनकारक झाले. परंतु बेल्ट आहे म्हणून सैल सीट चालेल, असे नव्हे. धडकेत सीट खालून निसटून पुढे गेली तर कमरेचा पट्टा पोटावर सरकतो, शरीर त्याखालून घसरते आणि गुडघे डॅशबोर्डवर आदळतात. सीट जागेवर राहील हे गृहीत धरूनच बेल्टची रचना केलेली असते.

गंज आणि धातूचा शीण

माउंटिंग तुटण्याची मुख्य कारणे दोन: गंज आणि धातूला आलेला शीण. गोव्यातील वाहनधारकांना पहिले कारण नवे नाही. खारी हवा, लांबलेला पावसाळा आणि ओल्या पायांनी भिजलेले फूटमॅट यांमुळे तळाचा पत्रा वरून व खालून दोन्हीकडून खाल्ला जातो. म्हणूनच समुद्रापासून दूरच्या, कोरड्या भागातील गाडी घेतली की गंजाची चिंता मिटते, असा समज सहज होतो.

बऱ्हाणपूर समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आत आहे. तिथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवेत मीठ नाही. तरीही अशा भागातील गाडी या दुखण्यापासून सुटत नाही, कारण तिथे दुसरे कारण काम करते. खड्डे, गतिरोधक, अवजड वाहनांमागे सतत दाबावा लागणारा ब्रेक आणि क्षमतेपेक्षा अधिक भरलेली गाडी यांमुळे पत्रा त्याच जागी हजारो वेळा किंचित वाकतो आणि सरळ होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते. इथेही तेच घडते. तडा बहुधा बोल्टाच्या छिद्राच्या कडेला किंवा वेल्डच्या ठिपक्याजवळ सुरू होतो आणि दिसत नाही, कारण त्यावर गालिचा असतो.

बोल्ट सैल असला तर हा शीण कैक पटींनी वाढतो. घट्ट आवळलेला बोल्ट रेलचा पाय पत्र्यावर दाबून धरतो आणि बराचसा भार त्या दोहोंमधील घर्षणच पेलते. बोल्ट सैल झाला की घर्षण संपते, रेलचा पाय प्रत्येक धक्क्याला हातोड्यासारखा आदळतो आणि छिद्र लांबट होत जाते. गंजही कोरड्या भागात अगदीच नसतो. काचेचे रबर वाळून चिरले की पावसाचे पाणी गालिच्याखाली उतरते, आणि तळाची निचऱ्याची छिद्रे चिखलाने बुजलेली असली की ते तिथेच राहते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा तळ असा आतून कुजतो.

तपासणी कशी करावी?

पहिली पायरी साधी आहे. गाडी उभी करून सीटवर बसावे, पाय रोवून पाठ मागे रेटावी आणि मग पुढे झुकावे. दुसऱ्या माणसाने रेलच्या पायाशी बोटे ठेवावीत. सीट हलते पण रेलचा पाय स्थिर राहतो, तर झीज रेलमध्ये किंवा खिटीत आहे. पाय पत्र्यावर सरकतो, तर बोल्ट सैल आहे किंवा छिद्र मोठे झाले आहे. पायासकट पत्राच वर-खाली होतो, तर तळ किंवा त्याखालची पट्टी तुटली आहे. हा शेवटचा प्रकार सर्वांत गंभीर, आणि केवळ पाना फिरवून तो बरा होत नाही.

दुसऱ्या पायरीत सीट काढून गालिचा उचलावा. रंग फुगलेला, तपकिरी रेघ उमटलेली किंवा पत्रा ओलसर असेल, तर बोथट स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे. धड पत्र्यावर टणक आवाज येतो. कुजलेला पत्रा दबतो किंवा भोक पडते. मग गाडी उचलून, भक्कम स्टँडवर ठेवून तीच जागा खालून पाहावी. तळाला फासलेला डांबरी थर पत्र्याचे रक्षण करतो, पण दोषही झाकतो. म्हणून बोल्टांच्या आसपास तो खरवडावा लागतो. तुलनेने नव्या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅग असेल, तर सीटखालच्या तारांना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणीही हात लावू नये.

दोष तसा उपाय

दोष केवळ बोल्टात असेल तर बोल्ट बदलावा, पण मापासकट दर्जाही पाहावा. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसणारे पोलाद. बाजारात सहज मिळणारा ४.६ दर्जाचा बोल्ट त्याच्या निम्माच ताण सोसतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात. अँबेसेडरसारख्या, ब्रिटिश आराखड्यावरून आलेल्या गाडीत इंची आटे असू शकतात. त्यात मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून बसवला तर तो घट्ट वाटतो, पण नटाचे आटे खराब करतो.

बोल्ट फिरवताना नटही आत फिरत असेल, तर नटाचा वेल्ड सुटलेला असतो. तिथे पत्रा नेमका कापून नटापर्यंत पोचावे, जाड पट्टीवर वेल्ड केलेला नवा नट बसवावा आणि कापलेली जागा पुन्हा बंद करावी. पत्र्यात दाबून बसवायचे रिव्हेट-नट नंबरपट्टीसाठी किंवा आतील आच्छादनासाठी ठीक. सीट जखडण्यासाठी नव्हे.

छिद्र फाटलेले, पण भोवतालचा पत्रा निरोगी असेल, तर तड्याच्या टोकाशी लहान छिद्र पाडून तो पुढे सरकणे थांबवावे, तडा वेल्डने भरावा आणि खालून पोलादी पट्टी द्यावी. पट्टीचा आकार किती असावा, याची कल्पना मोटार शर्यतींच्या नियमांतून येते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ म्हणजे एफआयएच्या नियमांनुसार शर्यतीच्या गाडीत सीटच्या प्रत्येक जखडणीला किमान ८ मिलिमीटरचा बोल्ट, किमान ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी आणि किमान ४० चौरस सेंटीमीटरचा स्पर्श लागतो. म्हणजे साडेसहा सेंटीमीटर लांबी-रुंदीची पट्टी पुरते. ८ मिलिमीटरच्या बोल्टाखाली एरवी घालतात तो मोठा वायसर जेमतेम ४ चौरस सेंटीमीटर जागा व्यापतो, म्हणजे या अपेक्षेच्या एक दशांश. ‘मोठा वायसर टाकला’ ही दुरुस्ती किती तोकडी आहे, ते यावरून कळते. पट्टीचे कोपरे गोल करावेत, नाहीतर टोकदार कोपऱ्याशी नवा तडा सुरू होतो.

पत्राच कुजला असेल तर त्यावर दुसरा पत्रा चिकटवणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत फसवी दुरुस्ती आहे. नवा पत्रा ज्या कडांवर उभा असतो त्याच कुजलेल्या असतात, आणि दोन पत्र्यांमध्ये अडकलेली ओल गंजाचा वेग वाढवते. चकाकता, पूर्ण जाडीचा धातू लागेपर्यंत कापत जाणे हाच उपाय. ब्रिटनमध्ये वाहनांच्या वार्षिक तपासणीत बेल्टच्या जखडणीपासून ३० सेंटीमीटरच्या आतील भार पेलणारा भाग विशेष काटेकोरपणे पाहिला जातो आणि तिथले ठिगळ धड धातूपर्यंत पोचलेले असावे लागते. सीटच्या बोल्टांभोवतीही हाच निकष लावणे शहाणपणाचे आहे.

रेल किंवा खिटीचे दाते झिजले असतील, तर त्यांवर वेल्ड चढवू नये. उष्णतेने धातूचा कठीणपणा बदलतो आणि खिटी अर्धीच अडकते. सीट एकाच जागी वेल्ड करून टाकणे किंवा रेलमध्ये आरपार छिद्र पाडून बोल्ट घालणे हेही टाळावे. त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या गाडीची निरोगी रेल मिळवून बसवणे अधिक सुरक्षित आणि बहुधा स्वस्तही पडते.

मिस्त्रीची निवड

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर आहे, आणि जिथे यंत्रमाग तिथे लेथ आणि वेल्डिंगची दुकाने ओघानेच येतात. रात्रंदिवस थरथरणाऱ्या यंत्राचा भाग कुठे तडकतो, हे मागांची कामे करणाऱ्या कारागिराला पुस्तकाविना ठाऊक असते. ते ज्ञान सीटच्या कामातही उपयोगी पडते. परंतु मागाची चौकट जाड असते आणि गाडीचा तळ एक मिलिमीटरचा. जाड लोखंडासाठी वापरली जाणारी ३.१५ मिलिमीटरची कांडी शंभरेक अँपिअरवर चालवली की तळाच्या पत्र्याला भोके पडतात. ती भरण्यासाठी आणखी वेल्ड, मग आणखी उष्णता, आणि शेवटी वरून गाठीगाठींचे मजबूत दिसणारे पण कडेने ठिसूळ झालेले काम हाती येते.

या कामाला बारीक तारेचे, बोलीभाषेत ‘सीओटू’ म्हटले जाणारे वेल्डिंग लागते. ०.६ ते ०.८ मिलिमीटरची तार, छोटे छोटे टाके, आणि प्रत्येक टाक्यानंतर पत्रा थंड होऊ देण्याचा संयम या तीन गोष्टी महत्त्वाच्या. रंग, गंज आणि डांबर पूर्ण काढल्याशिवाय टाका पक्का बसत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा धूर ताप आणतो, म्हणून काम मोकळ्या हवेत व्हावे. पितळेची झाळ भार पेलणाऱ्या या जागी चालत नाही. गाडी मिस्त्रीच्या हवाली करण्यापूर्वी वेल्डिंग कोणत्या यंत्राने होणार आणि पत्रा कुठपर्यंत कापला जाणार, एवढे दोन प्रश्न विचारले तरी कामाचा दर्जा बराचसा कळतो.

आगीचा धोका वेगळा लक्षात घ्यावा लागतो. तळाखालून इंधनाची आणि ब्रेकची नळी जाते, गालिच्याखाली तारा असतात, आणि सीटचा फोम ठिणगीने पेटतो. सीट, गालिचा व ध्वनिरोधक थर काढणे, बॅटरी सोडवणे, नळ्या बाजूला घेणे आणि अग्निशामक हाताशी ठेवणे ही तयारी वेल्डिंगपूर्वीच व्हायला हवी. गाडीला गॅस किट असेल तर टाकी व नळ्या रिकाम्या करण्याचे काम किट बसवणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दुरुस्तीनंतर

वेल्ड केलेला पत्रा उघडा राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. जस्तयुक्त प्रायमर, सांध्यावर सीलर, खालून संरक्षक थर आणि पोकळ पट्टीच्या आत मेणासारखा गंजरोधक फवारा, असा क्रम ठेवावा. निचऱ्याची छिद्रे मात्र बुजू देऊ नयेत. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या बलानेच टॉर्क पान्याने आवळावेत आणि त्यांवर रंगाची रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, हे नुसत्या नजरेने कळते. पाचेकशे किलोमीटरनंतर एकदा फेरतपासणी करावी. सीट प्रत्येक खाचेत दोन्ही बाजूंनी अडकते की नाही, हे गाडी सुरू करण्यापूर्वी पाहावे. पाणी जिथून शिरले ते रबर किंवा छिद्र दुरुस्त केले नाही, तर वेल्डिंगचा खर्च दोन-तीन वर्षांत पुन्हा करावा लागतो.

कुठे थांबावे?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते, आणि नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते. नूतनीकरणाची वेळ ही तळ उघडून पाहण्याची चांगली संधी आहे, कारण गाडीवर आणखी पाच वर्षांचा खर्च करायचा की नाही, हे तेव्हा ठरवावेच लागते. एखाद-दुसऱ्या बोल्टाभोवतीचा पत्रा गेला असेल तर दुरुस्ती सार्थ ठरते. तळाची आडवी पट्टी आणि बाजूचा उंबरठा दोन्ही कुजले असतील, तर ठिगळ कशाला जोडायचे हाच प्रश्न उरतो. अशी गाडी २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मोडीत काढण्याच्या केंद्रात देऊन प्रमाणपत्र घेणे अधिक योग्य.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. गाडी बऱ्हाणपूरसारख्या कोरड्या मुलखातली असो की गोव्याच्या किनाऱ्यावरची, इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गालिचा उचलून चारही बोल्टांभोवतीचा पत्रा पाहावा. विकणाऱ्याने गालिचा उचलू दिला नाही, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.